जाळीवरचा काळा दाणा

१

“थोरला गेला,” एवढंच बोलून तवमणी गॅरेजच्या दारात उकिडवा बसला आणि रुमालानं डोळे पुसायला लागला.

मी लेथवर होतो. माझं दुकान मरगतम अक्काच्या गॅरेजला लागूनच आहे, मध्ये फक्त पत्र्याची भिंत, आणि तीही अर्धीच. मला वाटलं कुणीतरी वारलं. मशीन बंद करून, हात पुसून, चेहरा जमेल तेवढा दुःखी करून मी बाहेर आलो, तर रस्त्यावर गाजराची लॉरी उभी आणि लॉरीत पोत्यांच्या कडेला एक छोटी पांढरी गाडी.

ती गाडी मेट्टुपाळयममध्ये आम्ही सगळेच ओळखत होतो. उटीच्या पोन्नंबलम अय्यांची, सत्त्याऐंशी सालची. अय्या पोस्टमास्तर होते. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मूलबाळ नाही म्हणून त्यांनी साठवलेल्या पैशांतून गाडी घेतली, आणि तीन महिन्यांनी मुलगा झाला. त्याला, म्हणजे इळंगोला, दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. तेव्हापासून त्या घरात गाडीला थोरला म्हणतात आणि मुलाला धाकटा. आता अय्या एक्क्याऐंशीचे झाले. गेल्या वर्षापासून त्यांना कालचं आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र सगळं आठवतं. धाकटा बंगळूरला असतो. महिन्यातून दोनदा अय्यांना कुन्नूरच्या डॉक्टरकडे न्यायला तवमणी थोरल्याला बाहेर काढतो, आणि एवढ्यावर त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं डोंगरावरचं घर चालतं.

तवमणीनं सांगितलं ते असं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सकाळी सातचीच वेळ दिली होती, म्हणून तो अय्या-अम्मांना घेऊन साडेपाचला निघाला. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं, या वर्षातलं पहिलंच. लव्हडेलच्या वळणावर इंजिनातून किर्र आवाज आला, एक हिसका बसला आणि गाडी मेली. अय्या-अम्मा त्या गारठ्यात तासभर रस्त्याकडेला बसले. अय्यांना तेव्हापासून खोकला लागलाय. मग इळंगोचा फोन आला. शुक्रवारी तो येणार, गाडी भंगारात जाणार, घराला कुलूप लागणार, आई-बाप बंगळूरच्या फ्लॅटमध्ये जाणार. आणि इंजिनात तेल आहे की नाही ते न बघता गाडी हाकणारा ड्रायव्हर त्याला एक दिवसही नको होता.

“मी बघितलं होतं, अक्का,” तवमणी म्हणाला. “पोरांची शपथ, तेल होतं.”

अक्कानं बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी काढून पुसली, परत बुडवून काढली आणि उजेडात धरली. तेल खुणेपर्यंत तर होतंच, वर आणखी बोटभर चढलेलं होतं.

२

मरगतम अक्का अठ्ठावन्न वर्षांची आहे. साडीवर खाकी शर्ट घालते, बापाकडून शिकलेलं काम करते आणि कुणाच्याही पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे तिचं लग्न टिकलं नाही असं ती स्वतःच सांगते.

तिनं चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण दाणे न घातलेल्या जात्यासारखं, हलकं आणि पोकळ. मग तिनं बाजूचं झाकण काढलं. आतल्या पट्ट्याचे दात साफ सोलून निघाले होते. वरच्या चक्राला तिनं पाना लावला, जोर दिला, मला बोलावलं, मी सगळ्या वजनानिशी लोंबकळलो. ते चक्र तसूभरही हललं नाही.

“कॅमशाफ्ट जाम,” अक्का म्हणाली.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा दांडा. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे तो ठरवतो. या गाडीत तो हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या खोक्याच्या, अॅल्युमिनियममधल्या भोकांतच फिरतो, मध्ये फक्त तेलाचा पापुद्रा. तेलाचा पंप तळाशी असतो, त्यामुळे तेल या दांड्याला सगळ्यात शेवटी मिळतं, घरातल्या सुनेला जेवण मिळतं तसं. वरचं झाकण उघडलं तेव्हा आत थेंबभर तेल नव्हतं. दांडा जळून निळा पडला होता आणि हेडला चिकटून बसला होता.

खाली तेल उतू जातंय आणि वर ठणठणाट, मग पाणी मुरतंय कुठं? मला त्याचं फारसं कुतूहल नव्हतं. मी म्हणालो की सोड, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला, भंगारवाल्याला फोन कर.

“आरोक्यम, आधी पोस्टमॉर्टम होऊ दे, मग तिरडी बांध,” अक्का म्हणाली आणि हेडचे नट सैल करायला लागली.

तवमणीकडून एक गोष्ट कळली आणि माझे कान टवकारले. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आधी उटीच्या लॉरेन्सनं गाडीचं तेल बदललं होतं आणि वरच्या झाकणाची पॅकिंगही. लॉरेन्स अक्काचा चेला. सहा वर्षांपूर्वी न सांगता निघून गेला आणि उटीत स्वतःचं गॅरेज काढून बसला. तेव्हापासून अक्का त्याचं नाव काढत नाही. मला तर गुन्हेगार सापडलाच. पॅकिंगला लावायची पेस्ट जास्त झाली की तिचा गोळा तेलाच्या वाटेत जाऊन बसतो. अशी डझनभर इंजिनं मी पाहिलीत.

अक्कानं सहा वर्षांनी पहिल्यांदा त्याला फोन लावला. बोलणं तुटक झालं. तो म्हणाला की पेस्ट डाळीच्या दाण्याएवढी, आणि तेल तीन लिटर, खुणेला बरोबर, हे तुम्हीच शिकवलंय. अक्कानं फोन ठेवला आणि हेडमधल्या तेलाच्या वाटेला तोंड लावून फुंकर मारली. दुसऱ्या टोकाला शीळ वाजली. वाट मोकळी होती. पंपही ठणठणीत निघाला. तळाचं पात्र खोललं, त्यातली तेल गाळायची जाळी काढली, तर तीही स्वच्छ.

फक्त जाळीच्या एका कोपऱ्यात एक काळा, गोल दाणा अडकला होता.

३

मी म्हणालो की रबराचा तुकडा असेल. अक्कानं दाणा काड्यापेटीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि तवमणीला गाडीत बसवून चावी अर्धी फिरवायला सांगितली. तेलाचा दाब नसला की समोरच्या मीटरच्या काचेमागं लाल दिवा लागायला हवा. तो काही दिसेना.

अक्का वाकून बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक ओलं करून काच पुसली. पदराला चंदन आणि कुंकू लागलं, आणि काचेमागं तो लाल दिवा स्वच्छ पेटलेला दिसला.

तवमणीचा चेहरा पडला. आयुधपूजेला त्यानंच गाडी धुतली होती, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि जिथं जागा दिसली तिथं चंदनाचा टिळा लावून वर कुंकू लावलं होतं. त्यातला एक टिळा नेमका त्या दिव्यावर. तेव्हापासून थोरला कधी ओरडून सांगत असेल तर त्याचं तोंड बांधलेलं होतं. अक्कानं त्याला बजावलं की देवाला कुंकू लावायचं, देवाच्या डोळ्यांत घालायचं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची ही चूक खरी होती, पण तेल वर का गेलं नाही याचं उत्तर तिच्यात नव्हतं.

दुपारी अक्कानं गाडीतून काढलेलं तेल मापानं मोजलं. चार लिटरला थोडं कमी भरलं. लॉरेन्सनं घातलं होतं तीन. एवढं जुनं इंजिन महिन्याला थोडं तेल पितंच, म्हणजे भरायला हवं होतं तीनच्या आत. मग वरचं लिटरभर आलं कुठून? लॉरेन्सला परत फोन केला, त्यानं कानावर हात ठेवले. तवमणीला विचारलं, त्यानं पोरांची पुन्हा एकदा शपथ घेतली.

अक्कानं काड्यापेटी काढली. दाणा माझ्या लेथच्या पाट्यावर ठेवून ब्लेडनं मधोमध कापला. आतून तो पांढरा निघाला. तिनं अर्धा दाणा सरळ जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

“मिरी आहे,” ती म्हणाली.

४

इंजिनात मिरी आपल्या पायांनी चालत जात नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी अक्काला म्हणालो की गाडी नकोशी कुणाला झालीय ते बघ. दिवाळीला इळंगो घरी आला होता. गाडी विका म्हणून तो दोन वर्षं बापाच्या मागं लागलाय. गाडी मेली की घर आपोआप बंद पडतं. त्यानंच काहीतरी ओतलं असणार.

अक्कानं माझ्यासमोरच त्याला फोन केला आणि आडपडदा न ठेवता विचारलं. तो चिडला. दिवाळीला तो सकाळी नऊला घरी पोचला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला, बॉनेटला त्याचा हातही लागला नव्हता, असं त्यानं सांगितलं.

“मला ती गाडी आवडत नाही, हे खरंय, अक्का,” तो म्हणाला. “फोन केला की अप्पा आधी तिचं सांगतात, मग माझं विचारतात. पण ती मारायला मी कशाला येऊ? माझी आई त्या थंडीत रस्त्यावर बसली होती.”

फोन ठेवल्यावर अक्का म्हणाली की हा खरं बोलतोय. मला ते पटलं नाही, पण तिला पटवायला जाणं म्हणजे दगडाला दूध पाजणं.

तवमणी गाजराच्या लॉरीनंच परत जाणार होता. तिची वाट बघत बसला असताना अक्का त्याला दिवाळीबद्दल एकेक विचारत होती. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दिवाळीच्या दिवशी तो आपल्या घरी होता. दुसऱ्या दिवशी कामावर गेला तर इसक्कियम्मांनी, म्हणजे अय्यांच्या बायकोनं, त्याला आधी दुकानात पिटाळलं, खोबरेल तेल आणायला. त्यालाही जरा नवल वाटलं होतं, कारण त्यांचा भाऊ नागरकोविलहून दरवर्षी तेलाचा डबा पाठवतो आणि या वर्षीचा डबा दसऱ्यालाच आला होता.

अक्काचा हात थांबला. लॉरी गेल्यावर बराच वेळ ती त्या स्वच्छ जाळीकडे बघत बसली.

“आरोक्यम, उटीत आहे आणि मेट्टुपाळयमला नाही, असं काय?”

“चांगली हवा,” मी घाम पुसत म्हणालो.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो की काय असं वाटलं. मग ती सांगायला लागली. पंप चांगला, वाट मोकळी, जाळी स्वच्छ, तेल जास्तच, आणि तरी तेल वर गेलं नाही. म्हणजे अडकलेलं काहीतरी होतं आणि आता ते नाही. कुणी काढलेलंही नाही, कारण इंजिन तिनंच पहिल्यांदा खोललं. ते आपणहून निघून गेलं. घाट उतरता उतरता.

तिनं लोणच्याची रिकामी बरणी धुऊन कोरडी केली, गाडीतलं तेल तीत भरलं आणि मला सांगितलं की उद्या पहाटे पाचची पहिली बस, स्वेटर घेऊन ये.

५

उटीला उतरलो तेव्हा सात वाजले होते आणि गवत अजून पांढरं होतं. अय्यांच्या घरी पोचल्यावर अक्कानं चपला काढल्या आणि चपलांइतक्याच सहज ती बरणी फाटकाजवळच्या भिंतीवर सावलीत ठेवली. कुणी विचारलं नाही.

घरात सगळे होते. अय्या कानटोपी घालून खिडकीजवळ बसले होते आणि मधूनमधून खोकत होते. इळंगो रात्रीच्या बसनं नुकताच आला होता, अंगात ऑफिसचा शर्ट, पायांत मोजे. तवमणी दाराबाहेर उभा होता, कारण त्याला आत बोलवायचं की नाही हे त्या घरात अजून ठरत नव्हतं. इसक्कियम्मांनी आम्हाला गरम चहा आणि खुसखुशीत वर्की बिस्किटं दिली. अय्यांनी मला ओळखलं आणि माझ्या वडिलांची मनीऑर्डर आली का विचारलं. माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली. मी आली म्हणून सांगितलं.

अक्का चहा पिऊन स्वयंपाकघरात गेली. हात फुटलेत, जरा तेल द्या, म्हणाली. मी दारातून बघत होतो. अम्मांनी फळीवरची बाटली काढली. आतलं तेल तुपासारखं घट्ट पांढरं झालेलं होतं. त्यांनी सवयीनं ती बाटली चुलीच्या कडेला धरली, ती शेकत राहिली आणि आतलं तेल कडेनं हळूहळू वितळून पातळ, पारदर्शक होऊ लागलं. अक्काची नजर बाटलीवर होती. अम्मांची नजर अक्कावर होती.

“आमच्याकडे दिवाळीला तीळतेल असतं, अम्मा,” अक्का हळूच म्हणाली. “तुम्ही नागरकोविलच्या. तुमच्याकडे खोबरेल, नाही का? मिरी, ओवा, विड्याचं पान घालून तापवलेलं.”

अक्का बाहेर गेली, भिंतीवरची बरणी घेऊन आली आणि सगळ्यांच्या समोर टेबलावर ठेवून आडवी केली.

बरणीतलं तेल जागचं हललं नाही. काळपट, गढूळ गोळा होऊन ते बरणीला धरून बसलं होतं.

६

मग अक्कानं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. दिवाळीच्या पहाटे या गाडीच्या इंजिनात लिटरभर खोबरेल ओतलं गेलं. त्यानंतरचे दिवस बरे होते आणि गाडी दुपारीच बाहेर पडायची, तोवर ते आतल्या तेलात विरघळून राहिलं. बुधवारी पहिलं दव गोठलं आणि नेमकी त्याच दिवशी गाडी पहाटे निघाली. तेल गोठून जाळीवर साय धरली. कॅमशाफ्ट सगळ्यात वर, तो उपाशी राहिला आणि दहा मिनिटांत जळाला. गाडी खाली आमच्या उन्हात आली तोवर साय वितळून तेलात मिसळली होती. मागं राहिला एक मिरीचा दाणा. तेव्हा तवमणीनं तेल बघितलं होतं हे खरं, आणि लॉरेन्सचा काहीच दोष नव्हता. आम्ही आग रामेश्वरी असताना बंब सोमेश्वरी नेत होतो.

“पण ओतलं कुणी?” इळंगोनं विचारलं.

अक्काला माहीत होतं. मलाही एव्हाना कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. बापाचं डोकं ठिकाणावर नाही, हे एवढं एकच कारण त्या मुलाला हवं होतं.

“मी ओतलं,” इसक्कियम्मा म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या की डब्यात तेल फार होतं, वाया जाऊ नये म्हणून ओतलं, बाईमाणसाला काय कळतंय.

“अम्मा,” अक्का म्हणाली, “बॉनेट उघडायची कळ कुठं आहे?”

पस्तीसच्या वर वर्षं अम्मा त्या गाडीत बसल्या होत्या, पण बॉनेटची कळ कुठं असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खरं सांगितलं. दिवाळीला पहाटे त्यांना मोठा पितळी चंबू रिकामा सापडला होता. घरात माणसं दोन, आणि नवऱ्यानं आठ जणांचं तेल तापवलं होतं. न्हाणीच्या मोरीत ओतलं असेल असं समजून त्यांनी चंबू घासून ठेवला आणि धाकटा यायच्या आत तेलाचा रिकामा डबा लपवला. धाकट्याला कळू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

अक्का अय्यांसमोर जमिनीवर बसली. तिनं विचारलं की यंदा दिवाळीला तेल कुणाकुणाला लावलंत.

अय्यांना हा प्रश्न आवडला. ते बोटांवर मोजायला लागले. आईला लावलं. धाकट्या भावाला लावलं. इसक्कीला लावलं, ती नेहमीसारखी ओरडली. यातली इसक्कियम्मा सोडून बाकीची सगळी माणसं केव्हाच गेलेली होती.

“आणि इळंगोला?” अक्कानं विचारलं.

“तो कुठं आला?” अय्या म्हणाले. “मी फाटकाशी उभा राहिलो. उजाडायला आलं. उजाडल्यावर लावून काय उपयोग? त्याच्या वाटचं तेल असं मोरीत कसं ओतणार? मग थोरल्याला दिलं.”

७

तवमणी दारातून आत आला होता आणि त्याला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. इळंगो त्या बरणीकडे बघत होता.

“मी पहाटेच्या बसनं निघणारच होतो,” तो शेवटी म्हणाला. “कोइम्बतूरला लॉजवर झोपून राहिलो. म्हटलं, तेल लावून घ्यायला एवढ्या थंडीत कोण जाईल?”

मला त्या क्षणी त्याची फार दया आली. दोन दिवस मी त्याला गुन्हेगार ठरवून बसलो होतो, याची लाजही वाटली. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि अक्काला विचारलं की गाडी दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, खरं सांगा.

अक्का खरंच सांगते, ती तिची खोड आहे. ती म्हणाली की बाजारात विकायला गेलात तर दुरुस्तीचा खर्चही निघणार नाही, हे आधी ऐकून ठेवा. खालचं इंजिन शाबूत आहे, पत्रा शाबूत आहे. जळलंय ते हेड आणि कॅमशाफ्ट. कोइम्बतूरला उक्कडमच्या जुन्या बाजारात दुसरं हेड मिळेल, दांडा आरोक्यम लेथवर घासून देईल. मग गाडी अजून पाच वर्षं चालेल.

“ती चालवायची की नाही, हे इंजिन सांगत नाही, तंबी,” ती धाकट्या भावाशी बोलावं तसं म्हणाली. “ते तुमचं तुम्ही ठरवा.”

त्यानं अय्यांकडे बघितलं. अय्या खिडकीतून रिकाम्या शेडकडे बघत होते. थोरल्याला परत कधी आणणार, असं त्यांनी हळूच अक्काला विचारलं. अक्का इळंगोकडे बघत राहिली.

“कार्तिगैच्या दिव्यांना आणतो, अप्पा,” इळंगो म्हणाला. मग तवमणीकडे वळून त्यानं खालच्या आवाजात माफी मागितली, आणि तवमणी पुन्हा रडायला लागला. त्या माणसाचे डोळे म्हणजे गळका नळ आहेत.

मी तो दांडा घासला. भंगारात घाला म्हणणाऱ्या माणसानं दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही, हे अक्कानं साऱ्या बाजाराला सांगितलं. हेड बसवायला लॉरेन्स स्वतः उटीहून उतरून आला. अक्का त्याला सबंध दिवस चुका दाखवत राहिली आणि दुपारी तिनं स्वतःच्या डब्यातला दहीभात वाढला. एवढ्यानं त्यांचं भांडण मिटलं.

कार्तिगैच्या दिवशी पहाटे चारला आम्ही घाट चढायला लागलो. तवमणी चालवत होता, त्याच्याशेजारी इळंगो, मागं अक्का आणि मी. अक्काला थंडीत इंजिन ऐकायचं होतं. मीटरच्या काचेवर एकही टिळा नव्हता, सगळं चंदन-कुंकू तवमणीनं यावेळी नंबरप्लेटवर लावलं होतं. लव्हडेलच्या वळणावर कुणी श्वास घेतला नाही. गाडी कुरकुर न करता वर गेली.

फाटकाशी अय्या उभे होते, कानटोपी, मफलर आणि हातात तो पितळी चंबू. मागं अम्मा, कपाळाला आठ्या घालून. पहाटेपासून तेल तापवा म्हणून हट्ट धरून बसलेत, असं त्यांनी सांगितलं. दिवाळी होऊन महिना झाला होता. ते अय्यांना कुणी सांगितलं नाही.

“दोघं एकदम आलात,” अय्या म्हणाले. “बस लवकर, तेल गोठतंय.”

इळंगोनं बूट काढले, शर्ट काढला आणि त्या गारठ्यात ओसरीवरच्या पाटावर मुकाट्यानं मांडी घालून बसला. अय्यांनी त्याच्या टाळूवर तेल ओतलं आणि तळव्यानं जिरवायला लागले. त्यांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. तो डोळे मिटून बसला होता आणि तेल कानांवरून ओघळत होतं.

मग चंबूत उरलेलं तेल घेऊन अय्या गाडीकडे निघाले. तवमणीनं घाबरून माझ्याकडे बघितलं. अक्का त्यांच्या आधी बॉनेटपाशी जाऊन उभी राहिली.

“अय्या, याला आता पोटात तेल चालत नाही. डॉक्टरांनी मना केलंय,” ती म्हणाली. “वरून लावा.”

अय्यांना ते लगेच पटलं. त्यांनाही डॉक्टरांनी खूप काही मना केलेलं होतं. त्यांनी चंबूत बोटं बुडवली आणि बॉनेटच्या मधोमध तेलाचा हात फिरवला, डोक्यावरून फिरवावा तसा. गार पत्र्यावर ते तेल बघता बघता पांढरं झालं. ते कुणी पुसलं नाही.